चालू मोटारीले पाणी बाधत नाई

बाबा,

काल संध्याकाळी पावसात तुमचा नातू सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिमोटची गाडी पळवत होता. साचलेल्या पाण्यातून ती सुसाट जायची, दोन्ही बाजूंनी पाणी उडायचं आणि गाडीला काही म्हणजे काही होत नव्हतं. मी खिडकीतून ओरडले की बंद कर, मोटार जळेल. तो हसला आणि म्हणाला, ही वॉटरप्रूफ आहे आई, तुला काय कळतं त्यातलं. मला त्यातलं काय कळतं हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही. सांगायचं तर माजरीच्या कोळशाच्या खदानीपासून आणि तुमच्यापासून सुरुवात करावी लागते, आणि नेमकं तेच मी इतकी वर्षं टाळत आले. मुलगा वर आला, डोकं पुसून जेवला, झोपला. मी मात्र हे लिहायला बसले.

तुम्ही खदानीतल्या पंपांच्या मोटारी सांभाळायचात आणि साहेबांच्या बंगल्यांवरची लाइट गेली की तिकडेही तुम्हालाच पिटाळत. पावसाळ्यात गमबुटांतून काळं पाणी घेऊनच तुम्ही घरी यायचात, आणि माय विचारायची की सगळी खदान घरी आणता काय. आपल्या क्वार्टरच्या लाइनीत लहानथोर सगळे तुम्हाला भाऊ म्हणत. त्यांचं ऐकून मीही भाऊच म्हणू लागले आणि कुणी ते सुधारलं नाही. 'बाबा' म्हटलं की आपल्या घरात भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो. त्या शब्दाला दुसरा धनी नव्हता. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शाळेत मात्र इतर मुली पप्पा, बाबा म्हणायच्या तेव्हा मी विषय बदलायचे.

वर्गात एका साहेबांची मुलगी होती. माझं गणित बरं आणि तिचं कच्चं, म्हणून आमची मैत्री. ती मला शाळेनंतर बंगल्यावर नेऊ लागली. मी कुणाची मुलगी हे तिच्या आईनं विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. त्या पावसाळ्यात तिच्या मामानं परदेशातून एक लाल गाडी आणली. सेल टाकायचे, हातातल्या डबीची लांब एरियल ओढायची आणि बटण दाबलं की गाडी वायरीशिवाय पळायची. आम्ही दोघी वेड्याच झालो. पण झड लागलेली. पाऊस थांबेचना, आणि व्हरांड्यात पळवून पळवून किती पळवणार? शेवटी आम्ही ती अंगणातल्या पाण्यात सोडली.

दोन चकरा छान झाल्या. मग बटणाला हात न लावताही ती स्वतःभोवती गरगर फिरू लागली, अंगात आल्यासारखी, आणि एकदम थांबली. मैत्रीण रडकुंडीला आली. नेमकी त्याच दुपारी बंगल्याची लाइट गेलेली. फाटकातून तुम्ही आत येता आहात. अंगावर रेनकोट, पायात गमबूट, खांद्यावर अवजारांची पिशवी. मी वेताच्या खुर्चीत बसले आहे, मांडीवर बिस्किटांची बशी आहे, आणि माझ्या तोंडून निघून जातं, "भाऊ!"

मैत्रिणीच्या आईनं विचारलं, "तुझे कोण गं हे?" मी मांडीवरची बशी सावरू लागले. तुम्ही आधी खुर्चीकडे पाहिलंत, मग बशीकडे, मग माझ्याकडे. तेवढ्यात तुम्ही काय हिशेब मांडलात ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं आणि कळतं तेव्हा जेवण गोड लागत नाही.

"आमच्या लाइनीतली पोरगी आहे, मेमसाब," तुम्ही म्हणालात. "सगळेच भाऊ म्हणतात मले."

यात खोटं काहीच नव्हतं. आणि मला काय वाटलं ते आता सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. मी बशीतलं बिस्किट उचललं आणि खाल्लं.

लाइट आली. जाता जाता तुम्हाला मैत्रिणीच्या हातातली बंद पडलेली गाडी दिसली. तुम्ही पायरीवर उकिडवे बसलात, गाडी उघडलीत, गळ्यातल्या दुपट्ट्यानं पुसलीत, नुकत्याच लागलेल्या बल्बजवळ धरून वाळवलीत. आतल्या मोटारीच्या डबीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, वरून काळी टेप, चाकांच्या दांड्यांना ग्रीस. खदानीतले वायरींचे जोड तुम्ही असेच बांधायचात. गाडी चालू झाली. मैत्रिणीनं टाळ्या वाजवल्या. तुम्ही आम्हा दोघींना, म्हणजे खरं तर मला, बजावलंत, "आता थांबवू नका. चालू मोटारीले पाणी बाधत नाई. बंद पडली का घुसते." हा तुमचा पंपांचा नियम. पावसाळ्यात खदानीच्या तळाचा पंप थांबला की मोटारच पाण्याखाली जाते, म्हणून तो थांबू द्यायचा नसतो, हे मी तुमच्याकडून शंभरदा ऐकलं होतं. एवढं सांगून तुम्ही शेजारच्या बंगल्यावर गेलात.

मी रिमोट मैत्रिणीला दिलाच नाही. तुमचा शब्द खरा करून दाखवायचा होता मला. ज्याला दोन घास आधी ओळख दिली नाही, त्याच्या शब्दाचा अभिमान! मी ती गाडी चिखलातून, पाण्यातून पळवतच राहिले. रबर टिकलं, पाणी आत गेलं नाही. पण तो काळा चिखल चाकांना लपेटत गेला, चाकं अडली आणि आत मोटार नुसती कण्हू लागली. मग जळका वास आला. तो वास मला ओळखीचा होता, तुमच्या कपड्यांना यायचा. तरी मी बटण सोडलं नाही, कारण तुम्ही थांबवू नका म्हणाला होतात. गाडीतून धूर निघाला तेव्हा मैत्रिणीनं भोकाड पसरलं.

तुम्हाला शेजारच्या बंगल्यावरून बोलावून आणलं. तुम्ही पायरीखाली पावसात उभे आणि आम्ही वर कोरड्यात. मेमसाब म्हणाल्या, खेळणं म्हणजे काय खदानीतला पंप वाटला, परदेशातून आणलंय ते, कसली कसली माणसं पाठवतात इथं. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तूच सांग, हाच म्हणाला ना थांबवू नका म्हणून?"

मी म्हणाले, "हो."

हेही खरंच होतं. तुम्ही वर पाहिलंत, पण माझ्याकडे नाही. "चुकलं, मेमसाब," तुम्ही म्हणालात. "पंपाचं गणित इथी नाई लागत." चिखलात चाकं अडल्यावरही बटण कुणी सोडलं नव्हतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलंही नाही.

घरी मला वाटलं होतं तुम्ही रागवाल. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही गमबूट पालथे घातलेत, हातपाय धुतलेत, आणि शाळेत काय शिकवलं ते विचारलंत. मायनं मला सांगितलं, भाऊला जेवायला बोलाव. मी तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि 'भाऊ' हा शब्द वगळला. "जेवायला चला," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी तुम्हाला हाक मारलीच नाही. जवळ जाऊन बोलायचं, नाही तर मायकडून निरोप द्यायचा. एकदा मायनं तुम्हाला विचारलेलं मी आतून ऐकलं, "पोरगी काऊन हाक मारत नाई तुमाले?" तुम्ही म्हणालात, "मोठी झाली आता ते." तुमच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तुमच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नर्सनं विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? मी चांगलं ठणकावून सांगितलं, मुलगी. तेव्हा तुम्हाला ऐकू येत नव्हतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. तरीही सुरुवातीला मी 'बाबा' लिहिलं. तुम्हाला मी जन्मात कधी बाबा म्हटलेलं नाही. पण या घरात तुमचा उल्लेख तसाच होतो. नवऱ्यासमोर, मुलासमोर, 'माझे बाबा'. उद्या कुणाच्या हाती हा कागद लागला तर विचारतील, हे भाऊ कोण? म्हणून तसं लिहिलं. पहिल्या ओळीवर जाऊन ते खोडायला हवं, 'भाऊ' लिहायला हवं. पेन हातात आहे, आणि मी अजून खोडलेलं नाही.