पुढचा भाग लागायच्या आधी

ती. दादास, सप्रेम जयभीम.

तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचा गुडघा? सनीचं पोट थाऱ्यावर आलं का? आम्ही दिघ्याला बरे आहोत.

आपली संघमित्रा आता ऑनलाइन मालिकांच्या कंपनीत मोठी साहेबीण आहे. टीव्ही चॅनेलात कॅसेटी उचलण्यापासून सुरुवात केली होती पोरीने. मालिकेच्या शेवटी तिचं नाव येतं, पण वाचायच्या आत पुढचा भाग आपोआप लागतो. मी सगळ्या चाळीला टीव्हीपुढे बसवतो, रिमोट रोखून धरतो आणि घाईत भलतंच बटण दाबतो. शेजारच्या राजाबाई म्हणाल्या, “भाऊ, पोरगी एवढी पुढे गेली, तुमी एक बटण शिका की!”

मी संघमित्राकडे तक्रार केली, तर ती हसली. “बाबा, ते मीच ठरवलंय. बघणारा उठून जाऊ नये म्हणून.”

काल जमलं. पडद्यावर नाव थांबलं. संघमित्रा बाजीराव गमरे. अख्खं!

दादा, तिला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मायेनेच म्हणाला होतात, “आडनाव गाळ, मोठ्या लोकांत निभाव लागेल.” तिने आडनाव सोडलं नाही, तुमच्याशी बोलणं सोडलं. तुम्हाला लागेल म्हणून याविषयी लिहिलेली मागची पत्रं मी न टाकता ट्रंकेतच ठेवली. हे टाकायचा धीर होतो का, बघतो.

मिळालंच, तर उत्तर मला नको. तिला लिहा, लवकर लिहा. आणि पाकिटावर नाव आडनावासकट घाला.

तुमचा धाकटा,
बाजीराव