बॉल आधी ताईला

बुधवार, नारायण पेठ

प्रिय ऋतुजा,

'प्रिय' लिहिलंय ते पत्र असंच सुरू करतात म्हणून. आत्ता तू समोर असतीस तर पहिला शब्द वेगळा निघाला असता. सोमवारपासून तुला एकवीस फोन केले. तू एकही उचलला नाहीस. 'ताई, मी आता खेळणार नाही, माझे बूट तनयाला द्या' एवढी एक ओळ पाठवलीस आणि मला ब्लॉक केलंस. वा! नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाठ फिरवलीस, तीही फोनच्या आडून. म्हणून कागदावर लिहितेय. नम्रता उद्या खराडीला ऑफिसला जाणार आहे, तिथून पुढे वाघोलीला येऊन हे तुझ्या हातात देईल. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड.

आधी शनिवारचं बोलते, कारण ते डोक्यातून जात नाहीये. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट, शून्य-शून्य. तनयाने दोन डिफेंडरच्या मधून बॉल काढला, तू त्यांच्या मागे पोचलीस, आणि समोर एकटी गोलकीपर, तीही धड पुढे नाही, धड मागे नाही. तिथून माझ्या आईनेसुद्धा गोल मारला असता, दुखऱ्या गुडघ्यांनी. आणि तू काय केलंस? थांबलीस. मान वळवलीस. आणि बॉल मला दिलास! माझ्या दोन्ही बाजूंना एकेक पोरगी चिकटून उभी असताना मला! बॉल गेला, त्यांनी लांब मारला, आणि मिनिटभरात तो आपल्या जाळीत होता. तुझ्याकडे बघून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी तिथेच, सगळ्या मैदानाच्या देखत, तुला काय वाट्टेल ते बोलले. तू खाली मान घालून उभी. तुझी ती खाली घातलेली मान बघून मी आणखी चिडले.

नऊ सामने झाले, गोल दोन. त्यातला एक पेनल्टीवर, आणि दुसरा समोरच्यांच्याच पोरीने चुकून स्वतःच्या जाळीत मारलेला. म्हणजे आपल्या पायाने, चालत्या खेळात, एकही नाही. या रविवारी हरलो की आपण लीगमधून खाली जाणार, आणि क्लबच्या मालकांनी आधीच सांगून ठेवलंय की खाली गेलेला मुलींचा संघ ते चालवणार नाहीत. म्हणजे तेवीस जणी घरी. अशा आठवड्यात सरांनी सोमवारी सगळ्यांसमोर संघ वाचून दाखवला आणि त्यात तुझं नाव नव्हतं. आणि तू पिशवी उचलून सरळ वाघोलीची बस धरलीस.

गोल का होत नाहीत, यावर मत नसलेला माणूस या शहरात मला अजून भेटायचाय. मालक म्हणतात, परदेशी फॉरवर्ड आणू. आणा की, पण तिला बॉल कोण देणार, तेही परदेशातून मागवणार का? जयसिंग सर पक्के कोल्हापूरचे, त्यांचा सगळा विश्वास विंगवर, कडेकडेने बॉल नेण्यावर. त्यांनी फळ्यावर इतके बाण काढून ठेवलेत की त्यात आपला गोल कुठला आणि त्यांचा कुठला हेच कळत नाही. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्या काकांनी मला परवा चहा देता देता ऐकवलं की मुलींना प्रोटीन कमी पडतं. त्यांच्याकडे क्रीमरोल सोडून खायला काही मिळत नाही, पण सल्ला फुकट. दोन बाप्यांनी यूट्यूबवर तासभर चर्चा केली, 'पुण्याचं आक्रमण कुठे अडतंय'. एकही सामना बघायला आले नव्हते. एकाने तर मला डिफेंडर करून टाकलं. आणि आई म्हणते, तुमच्या शर्टचा रंगच अवलक्षणी आहे, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

यातलं काहीच खरं नाही हे मला कळत होतं. पण फिरून फिरून सगळे एका गोष्टीवर येऊन थांबायचे, आणि ती म्हणजे तू. ऋतुजाला समोर गोल असला तरी दिसत नाही. ऋतुजा ऐन वेळी कच खाते. आणि खरं सांगू? तुझ्यावर खापर फोडलं की सगळ्यांचं काम सोपं व्हायचं. मालकांना परदेशी पोरगी हवीच होती, सरांचे बाण बरोबर ठरायचे, आणि बाकीच्यांची झोप शाबूत. मी त्यांच्यात होते की नाही, ते पुढे लिहिते.

सोमवारी संध्याकाळी नम्रताने मला एक व्हिडिओ पाठवला. आपली अकोल्याची पोरगी, दिवसभर कंपनीत कोड लिहिते आणि सुटीच्या दिवशी आपल्या सामन्यांचे व्हिडिओ कापत बसते. सोबत लिहिलं होतं, 'ताई, राग नका येऊ देऊ, पण एकदा पाहाच.' तिने नऊही सामन्यांतले असे सगळे प्रसंग एकापुढे एक जोडले होते, जिथे आपला बॉल त्यांच्या गोलजवळ पोचला. त्रेचाळीस. मी नारायण पेठेतल्या घरी खिडकीत बसून चहाचा कप हातात घेऊन बघत होते, आणि तो कप तसाच गार झाला. प्रत्येक वेळी बॉल मिळाला की तू मान वर करतेस. गोलकडे नाही. मला शोधायला. तनयाही तेच करते. डावीकडून पळणारी मैत्रीही. त्रेचाळीस वेळा आपल्या पोरी समोरची मोकळी जागा सोडून आधी ताई कुठे आहे ते बघतात. ही गोष्ट समोरच्या संघांना दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यातच कळली होती. दोन जणी मला चिकटवायच्या की झालं, बाकी तुम्हाला अडवायची कुणाला गरजच नव्हती. तुला तर कुणी अडवतही नाही, बघितलंयस का? तू मोकळी असतेस, दर वेळी.

मी तुझ्यावर भयंकर संतापले. म्हटलं, बावीस वर्षांची घोडी, अजून परवानगी मागतेय! मग तोच व्हिडिओ पुन्हा लावला, तुझ्या आणखी चुका काढायला. यावेळी मी स्वतःकडे बघितलं. ऋतुजा, माझा हात वर आहे. त्रेचाळीसपैकी जवळजवळ सगळ्यांत. दोघींच्या मध्ये अडकलेली मी, आणि हात वर, बॉल मला द्या म्हणून. शनिवारीसुद्धा. तू थांबलीस ती तुझी अक्कल गहाण पडली होती म्हणून नाही. तू थांबलीस कारण मी तुझ्या नावाने ओरडत होते, इकडे दे, इकडे दे. तू दिलास. आणि तू दिलास म्हणून मी तुला सगळ्यांसमोर झाडलं.

ही सवय आली कुठून ते तुला माहीत आहे, पण मला लिहू दे. तू तेरा वर्षांची होतीस. नदीपात्रातल्या आपल्या सरावाला तुझी आई तुला वाघोलीहून दोन बस बदलून घेऊन यायची. पहिल्याच रविवारी सोजरबाई मला म्हणाल्या, 'ताई, पोर तुमच्या पदरात टाकलीय, आता तुमी म्हनाल तसं.' मला काय गुदगुल्या झाल्या होत्या! तुम्ही सगळ्या पोरी बॉल दिसला की घाबरून कुठेही लाथा मारायचात, दोनदा तर बॉल नदीत गेला. म्हणून मी नियम केला. बॉल मिळाला की आधी ताईला बघायचं, ताईला द्यायचा, मग पुढे पळायचं. बारा-तेरा वर्षांच्या पोरींसाठी तो नियम बरा होता. गडबड थांबली, आपण जिंकायला लागलो. पण तुम्ही मोठ्या झालात आणि नियम तसाच राहिला, कारण बॉल माझ्याकडे यायचा, गोल मी मारायचे, आणि पेपरात फोटो माझा यायचा. मला कशाला तो बदलावासा वाटेल?

आणि ती सात-सात जणींची स्पर्धा आठवते? तू चौदाची. फायनलला मी हात वर करून उभी होते आणि तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, डाव्या पायाने सरळ ठोकलास. गोल झाला. आपण त्या गोलवर जिंकलो, ऋतुजा! सगळ्या तुला उचलून नाचत होत्या. आणि मी काय केलं? पुढच्या रविवारी, नियम मोडला म्हणून, तुला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. सगळ्यांसमोर. गोल मारल्याची शिक्षा! तू धापा टाकत आलीस आणि म्हणालीस, 'चुकलं ताई, परत नाही करणार.' आणि तू शब्द पाळलास. आठ वर्षं पाळलास. माझा ऊर तेव्हा भरून आला होता, किती गुणी पोरगी म्हणून. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पण तुझाही मला राग आहे, तो काही गेलेला नाही. सोमवारी सरांनी तुझं नाव वगळलं, कारण विचारल्यावर म्हणाले, शनिवारी तू घाबरलीस. तेव्हा तू तोंड का उघडलं नाहीस? एक वाक्य पुरलं असतं. ताईने मागितला म्हणून दिला. बस! मी तुझ्या शेजारी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस, मी बघितलं बुटांच्या नाड्यांकडे, आणि तू मूग गिळून गप्प बसलीस. मला वाचवलंस. कुणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? हे कसलं मान ठेवणं, की ज्यात स्वतःचं वाटोळं झालं तरी चालेल? आणि आता तिकडे जाऊन बसलीयस. नम्रता सांगत होती, भावाने तुझ्यासाठी कुठल्याशा गोदामात बिलं फाडायचं काम बघितलंय, एक तारखेपासून. कर की. बिलं फाड. पाय तुझे पुण्यातल्या कुठल्याही पोरीपेक्षा चांगले आहेत, ते टेबलाखाली ठेव.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते. सरांनी तुला आपणहून काढलं नाही. सोमवारी मीटिंगच्या आधी त्यांनी मला एकटीला बोलावलं आणि विचारलं, तू कॅप्टन आहेस, तू सांग, अडतंय कुठे? मी तुझं नाव घेतलं. ऐन वेळी घाबरते, तिच्यात धमक नाही, रविवारी बसवा तिला, हे शब्द माझे आहेत. नम्रताचा व्हिडिओ नंतर आला. हात वर केलेला मला तेव्हाही आठवत होता, त्याला व्हिडिओची गरज नव्हती. तुझं नाव घेतलं नसतं तर त्यांची नजर माझ्यावर गेली असती, आणि तेहतीस वर्षांची बाई एकदा बाकावर बसली की तिला पुन्हा कुणी उठवत नाही. त्या भीतीपायी मी तुझा बळी दिला. आज सकाळी कात्रजला मैदानावर जाऊन सरांना व्हिडिओ दाखवला आणि खोटं बोलले होते तेही सांगितलं. त्यांनी फळ्यावरचे दोन बाण पुसले. मग म्हणाले, 'पोरगी आली तर ती खेळंल, तू बसशील. न्हाई आली तर तुलाच उतरावं लागंल, दुसरं हाय कोण?' माफी मागायला मी हे लिहीत नाहीये, तू माफ करशील हे मला माहीत आहे आणि तेच मला नकोय. माझ्यावर चिडून दाखव. सगळ्यांसमोर मला बोल, मी बोलले होते तसं. शुक्रवारी चार वाजता सराव आहे. तू नाही आलीस तर रविवारी मी उतरेन, आणि कितीही ठरवलं तरी माझा हात वर जाईल, मी मला ओळखते. तर ये, आणि मला बसव.

तुझीच,
भाग्यश्री