आईच्या आवाजाच्या तारखा

धाकट्या,

मी ड्यूटीला निघाले, तू झोपला होतास. भंगारवाला आला तर त्याला परत पाठव, जुना कॉम्प्युटर द्यायचा नाही. आईची रेकॉर्डिंग्ज तू नव्यावर उतरवलीस खरी, पण घोळ झालाय. सगळ्यांवर कालचीच तारीख पडली आहे. खऱ्या तारखा आता फक्त जुन्यावर आहेत. घरी आले की मी तारखांसकट पुन्हा उतरवीन, तू हात लावू नकोस. चिडले नाही रे, दमलेय.

तोवर बाबांना नव्यासमोर बसू देऊ नकोस, स्पीकर बिघडलाय म्हणून सांग. आई गेल्यापासून ते तारीख बघून तिच्या आजारपणाआधीचीच रेकॉर्डिंग्ज लावतात. आता कुठलं लागलंय हे त्यांना तिचा आवाज ऐकल्यावरच कळेल.

ताई