नवीन टॅबवरची चौकट

१२ नोव्हेंबर, बुधवार

आळेफाट्याला उतरलो तो चहापुरता. नाशिकची गाडी होती. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं. मी भेळवाल्याचा कांदा कापायचा हात बघत उभा राहिलो आणि गाडी गेली. बॅग पाठीवरच होती, म्हणजे माझं काहीच गेलं नाही. नाशिकला तरी कोण वाट बघत होतं? चाकणला कंपनी करून झाली, शिर्डीला लॉज झाला, नारायणगावात टोमॅटोचे क्रेट उचलून झाले. फाटाच राहिला होता.

वर बघितलं तर बोर्ड. फ्लेक्ससाठी डिझायनर पाहिजे. मोबाईलवर आपण काय काय केलंय, म्हटलं येत असेल. जिना चढलो. दुकान अंकितचं. मारवाडी आहे, पण बोलतो आमच्या लोणीच्या माणसांपेक्षा गावठी. भाऊ, फोटो कापता येतोय का, म्हणाला. एक माणूस मागच्या भिंतीपासून कापून दाखवला, त्यात त्याचा कान पण गेला. कान खाल्ला राव तुमी, पण चालंल, म्हणाला. लागली नोकरी. खाली त्याच्या वडलांचं, दलीचंदशेठचं किराणा दुकान, त्याच्या मागची खोली मला. ही डायरी पण शेठनीच दिली. खताच्या कंपनीची आहे, पहिल्याच पानावर फ्लॉवरचा गड्डा. झकास चाललंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काय माणसं आहेत ही. इथं पोरगं पंचविशीला आलं की नेता होतं. पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाईल. मोबाईलवर पलीकडं कोण असेल? येताना कोथिंबीर आण म्हणणारी बायको, दुसरं कोण. खाली शुभेच्छुक म्हणून साठ डोकी, आणि ती साठ डोकी मी एकेक करून कापायची. आज एक पप्पू म्हणून आला होता. भावी काहीतरी. काय भावी ते ठरलं नव्हतं, म्हणाला नुसतं भावी लिहा. त्याच्या फोटोत कडेवर बारकी पोरगी होती. ती कापून टाका म्हणाला, नेता वाटत न्हाई.

मग तोच माणूस मेला की तोच फोटो. घरच्यांकडं दुसरा बरा फोटो नसतोच. कॉम्प्युटरवर दोन फोल्डर आहेत, वाढदिवस आणि श्रद्धांजली. माणूस गेला की त्याचा कापलेला फोटो ह्यातून त्यात जातो. गॉगल तेवढा काढून द्या म्हणतात, मग मी त्याला दुसऱ्या कुणाचे तरी डोळे बसवतो. घरच्यांना कळत पण नाही. रडतात त्या डोळ्यांकडं बघून.

श्रद्धांजलीच्या कोऱ्या डिझाइनमध्ये, हार घातलेल्या चौकटीत, एक गुलाब ठेवलेला आहे. कशाला म्हणून विचारलं तर अंकित म्हणाला, पप्पांचा नियम. चौकट रिकामी ठेवायची नाही आणि जित्या माणसाचा फोटो तिच्यात बसवून बघायचा नाही. शेठ जिन्यातून ओरडले, गुलाब काढू नको रे बाबा. किराण्यातल्या माणसानं गूळ विकावा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जेवतो ठमाबाईच्या खानावळीत, स्टँडच्या मागं. नातवंडांनी म्हातारीच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स आमच्याकडं केला. फोटो मी कापला. दुसऱ्या दिवशी बाई जिना चढून धापा टाकत वर. माझी कुडी कुठं गेली रं, सोन्याची व्हती, म्हणाल्या. कान खाल्ला होता मी. अख्ख्या दुकानासमोर माझा कान धरला आणि म्हणाल्या, ह्यो कापून लाव मला. मग बसून नीट केला तो फोटो. आजवर तेवढा एकच नीट केलाय. तेव्हापासून माझ्या ताटात भाकरी जास्तीची येते. नको म्हटलं तर, तुझ्या बापाचं काय जातंय, गीळ.

कामाचं म्हणजे, ब्राउझरचा वैताग होता. व्हॉट्सॲप वेब, बॅकग्राउंडं, फॉन्ट, सगळ्याला दिवसभर नवीन टॅब उघडायचा, आणि प्रत्येक टॅबवर त्याच सेलच्या जाहिराती, तीच पोट कमी करायची बातमी. एक ॲड-ऑन सापडलं. नवीन टॅबचं पान आपल्याला पाहिजे तसं करता येतं. फोटो, घड्याळ, खाली सुविचार. आधी नाव विचारतं, मग टॅब उघडला की शुभ सकाळ, सुनील. जन्मात मला कुणी शुभ सकाळ म्हटलं नव्हतं. दोन दिवस डोंगर आणि समुद्र बघितले. कंटाळा आला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज गिऱ्हाईक नव्हतं. एका पोराचा व्हिडिओ बघून ते पान पार बदललं. पांढरं बॅकग्राउंड, मधोमध आमची श्रद्धांजलीची चौकट, हारासकट. गुलाब काढला. चौकटीत फोटो आपोआप येतील ते वाढदिवसाच्या फोल्डरमधून. शुभ सकाळच्या जागी तांबड्या अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्यापुढं माझं नाव येत होतं, ते काढायचं सेटिंग काही सापडेना. तेवढ्या नावाचा रंग पांढरा केला, पांढऱ्यावर पांढरं, दिसतच नाही. सुविचाराच्या जागी मी स्वतः लिहिलं : कुणाचं काही अडलं नाही.

आणि खरंच आहे की ते.

टॅब उघडला की एक भावी खलास. पप्पूला बघून तर पोट धरून हसलो. अंकित पण हसला, मग म्हणाला, काढ ते, पप्पा बघतील. काढतो म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ॲड-ऑन बिघडलं. दर टॅबला नवा फोटो यायला पाहिजे, तर सकाळपासून एकच. येडगावचे हौशीराम, धरणाकडंला ऊस आहे तो म्हातारा. नातवानं हौसेनं गॉगल घालून फोटो काढलेला. वीस टॅब उघडले असतील, वीस वेळा हौशीराम. ब्राउझर बंद करून चालू केला. हौशीराम.

दुपारी त्यांचा मुलगा आला. सकाळी मोटर चालू करायला गेले आणि बांधावरच बसले, ते बसलेच, म्हणाला. बिबट्यानं नेलं म्हणून आधी गाव काठ्या घेऊन पळालं. दशक्रियेचा फ्लेक्स पाहिजे. फोटो आहेच तुमच्याकडं, फक्त गॉगल काढा.

योगायोग. एवढा मोठा तालुका, रोज कुणीतरी जाणारच.

पण मी फोटो उघडला आणि मग आठवलं. सकाळी टॅबवर हौशीराम दिसत होते ते बिनागॉगलचे. गॉगल तर मी अजून काढला नव्हता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज रखमाजी. गॅरेजवाला, माझ्या खोलीसमोर राहतो, रोज सकाळी माझ्या दारात चूळ थुंकतो. टॅबवर दिसला तेव्हा मी काय म्हणालो ते इथं लिहितो, कारण नाहीतर मी ते विसरून जाईन. म्हणालो, हा गेला तर दार तरी कोरडं राहील.

जॅक सरकला. ट्रकखाली होता.

दार कोरडं होतं आज.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ॲड-ऑन काढून टाकलं. काढलं म्हणजे पुरतं काढलं, खात्री केली, यादीत नाही. नवीन टॅब उघडला. चौकट आली. अजून रिकामी. हार हलतोय असं वाटलं, पण तो नुसता फोटो आहे, हलणार कसा.

मोबाईलवर बघितलं. मोबाईलच्या ह्या ब्राउझरला असलं ॲड-ऑन चालतच नाही. तरी तिथं पण तेच पान.

अंकितला सांगितलं. तो म्हणाला, झोप कमी झालीये भाऊ तुमाला, एक दिवस घरी जाऊन या. घर म्हणजे काय ते मी त्याला विचारणार होतो. मग शेठना सांगायला खाली गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तराजूतली डाळ परत पोत्यात ओतली. म्हणाले, त्यांच्या वडलांच्या वेळी फोटोच्या फ्रेमी विकायचे इथंच. एक गडी रिकाम्या फ्रेमीतून तोंड काढून गिऱ्हाइकांना हसवायचा. पुढं काय झालं ते विचारलं तर म्हणाले, गुलाब का काढलास.

गावठी लोक. सगळ्याला एक गोष्ट तयार असते.

पण हसू आलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

ठमाबाई.

टॅब उघडला आणि बाई. कुडी चमकतीये. मी नीट केलेला कान. खाली माझंच वाक्य.

खानावळ बंद. शेजारचा म्हणाला, पहाटे चूल पेटवताना चक्कर येऊन पडल्या, नारायणगावला नेलंय. अंकित तिकडंच गेलाय. फोनवर म्हणाला, डॉक्टर काही बोलत नाहीत.

मला कुणाचं काही वाटत नाही. हे मी कुठंही सांगितलं असतं. चाकणला माझ्या शेजारच्या मशीनवरचा पोरगा गेला तेव्हा मी त्याचा डबा खाल्ला होता. पण ह्या बाईनं माझा कान धरलाय. धरून ठेवायला कुणी माझं इतकं जवळ कधी—

तिचा फोटो फोल्डरमधून काढला. पान उघडलं. आहेच. डोळे अर्धे मिटलेले. फोटोत उघडे होते.

२७, दुपार

एकटीचा काढून भागत नाही. चौकट तिला सोडत नाही. म्हटलं फोल्डरच रिकामा करू. सगळे. सगळे भावी, सगळे पहिले वाढदिवस, सगळ्या म्हाताऱ्या. दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवले.

पान उघडलं. काळं. फोटो सापडला नाही की पान काळं पडतं, तसं त्या ॲड-ऑनचं आहेच म्हणे. काळ्यात मी बघितली ती नुसती चौकट आणि हार.

अंकितचा फोन. बाई उठून बसल्या. पहिलं काय विचारलं माहितीये का भाऊ, म्हणाला. त्या कानखाऊ पोरानं सकाळपासून काई खाल्लं का.

मी जिन्यात बसून—

जाऊ दे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकट रिकामी आहे.

पान पांढरं होतं तेव्हा दिसत नव्हतं. आता पान काळं आहे. तांबड्यापुढं पांढरी अक्षरं. भावपूर्ण श्रद्धांजली, सुनील.

मीच टाकलं होतं नाव. मीच पांढरं केलं.

चौकटीत काळी काच. काचेत मी. मधोमध, बरोबर बसलेला. खुर्ची सरकवली तरी मधोमधच.

गुलाब टाकून बघितला. घेत नाही. काळंच.

माणूस टाकला तर घेईल, मला सोडेल. मला माहीत आहे घेईल. डिस्क उघडून बसलोय. तीनेकशे चेहरे. ह्यातल्या एकाचीही मला कधी किंमत नव्हती. पप्पू टाकावा. पप्पूनं कुणाचं काय अडणार. उचलला, चौकटीपर्यंत नेला. कापलेल्या कडेला पोरीचा हात राहिलाय. बारका, त्याच्या कॉलरला धरलेला. मी घाईत सोडला होता.

परत ठेवला.

दुसरा बघतो. हा मिशीवाला. नाही, ह्याची आई आली होती फ्लेक्स न्यायला, छातीशी धरून गेली. हा. हा पण नाही. एकेकाचा तीळ न् तीळ कापलाय मी—

जिन्यावर ठमाबाईंचा आवाज. सोडलं वाटतं त्यांना. भाकरी बांधून आणलीये, दार उघड म्हणतायत. डिस्कची वायर उपटली. आता कुणालाच टाकता येणार नाही.

हाक मारतायत. उठता येत नाही. पाय आहेत, पण खाली कुठंतरी—

चौकटीतल्यानं डोळे मिटलेत. मी तर उघडे ठेवून लिहितोय.

आणि त्याला डावा कान नाही. तिथं पांढरा काठ, घाईत कापल्यावर राहतो तसा. कान खाल्लाय. हात वर नेऊन बघतो. बोटांना लागतं ते नुसतं—