तीनपैकी दोन बोल्ट

१९ ऑक्टो., गुरु.
भावजींचा नांदेडहून फोन. "वहिनी, दादा गेल्यापासून गाडी दोन वर्षं नुसती उभी हाय. दसरा झाला की येऊन घेऊन जातो." विचारलं नाही, सांगितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "दसऱ्याला मीच चालवत आणते. दुपारच्या जेवायच्या वेळेला तुमच्या दारात उभी दिसली तर गाडी माझी. नाही दिसली तर तुमची." हसले. हसा म्हणावं.

२० शुक्र.
नवी बॅटरी टाकली. चालू झाली!! पण दहा मिनिटांत तापली. इंजिनावरच्या थर्मोस्टॅटच्या झाकणातून पाणी गळतंय. झाकणाला तीन बोल्ट. पहिला सुटला. दुसरा कट्‌ करून तुटला. तिसराही कट्‌. आत नुसता गंज. लातुरात टँकरचं पाणी गाडीला कोण घालतं? बारा वर्षं बोअरचं खारं पाणी घातलं. ह्यांची एकट्याची चूक नाही, बाटली मीच भरून द्यायचे. थोडं रडले. मग हात धुतले.

२१ शनि.
शेजारच्या मन्मथअप्पांचं गेट-ग्रिलचं दुकान. त्यांच्याकडून हत्यारं आणली. म्हणाले, "ताई, गॅरेजला टाका. हे बायांचं काम न्हाई." म्हटलं, अठरा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटवत आले, मला तापवायचं शिकवू नका. हत्यारं पिशवीत भरून दिली.
झाकण काढलं. एका बोल्टाचं पेराएवढं टोक वर आहे. दुसरा सपाट, आतच तुटलाय मेला. तापवले, डिझेल सोडलं, हलक्या हातानं ठोकले. ढिम्म.

२२ रवि.
संध्याकाळी अप्पा हत्यारं परत न्यायला दारात. उद्या खांडेनवमी, सगळी पूजेत बसणार. आम्ही बौद्ध, आमच्या घरी हे नाही, त्यामुळे माझ्या ध्यानातच नव्हतं. "पूजेतलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत उचलत न्हाईत ताई. परवा सांजच्याला येतो, त्या आतल्या बोल्टावर नट वेल्डिंग करून उपसून देतो." परवा सांजच्याला गाडी माझी राहते कुठं?
दिलं सगळं. संताप आला. अप्पांवर नाही, कॅलेंडरवर.

२३ सोम.
सीटखाली ग्रिप पकड सापडली. एकदा दाबली की सोडत नाही ती. काल राहून गेली. लपवली नव्हती, इथं खोटं कशाला लिहू.
दुपारी अप्पा आले, कपाळभर विभूती. "ताई, पूजेत एक पकड कमी हाय."
"तिला हळदकुंकू लागलं का?"
"न्हाई."
"मग ती बसलीच नाही पूजेत. कामावर आहे."
अप्पा म्हणाले, "लई बेरकी हाईत बाई तुम्ही," आणि टॉर्च हातात घेऊन उजेड धरला. "पण पकडीला हात मी लावणार न्हाई."
नका लावू. मी लावला. थोडं पुढं, थोडं मागं, पुन्हा डिझेल. तासभर. करकरला, आणि निघाला! ओरडलेच मी. अप्पांची बायको पळत आली, बाई पडली की काय म्हणून.
सपाटवाला तसाच. धरायलाच काही नाही त्याला.

२४ मंगळ., सकाळी ७
रात्रीच तीनपैकी दोन बोल्ट बसवले, एक जुना, एक नवा. तिसऱ्या कोपऱ्यात गॅस्केटचा गम. रात्रभर वाळू दिला. आता चालू करून पाहिली. मिनिटाला एक थेंब.
अप्पा: "सांजपर्यंत थांबा ना. वाटेत लोहा गावाच्या अलीकडं उभी राहिली तर?"
"तर थंड होऊ देईन, पाणी घालीन, पुढं जाईन."
मागच्या सीटवर फिल्टरच्या पाण्याचा जार. बोअरचं घोटभर नाही. पकड अप्पांना द्यायला गेले तर घेईनात. "पूजेत बसलीच न्हाई, जाऊ द्या संगं."
भावजींना फोन केला, "माझं ताट वाढून ठेवा." ते म्हणाले, "वहिनी, कशाला हट्ट..." पुढचं ऐकलं नाही.
खाली आणखी एक थेंब पडला. निघते.