घोट्यावरचा चिमटा

आदरणीय ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (लिहायला बसण्याआधी जोडले. आता एक हात कागदावर आहे आणि दुसरा गरम पाण्याच्या पिशवीवर, तेव्हा तेवढं चालवून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढता का, की अजून खालच्या मजल्यावरची बाई भाजी वर आणून देते? मांजरीला परत पिल्लं झाली असतील तर तिचं अभिनंदन, आणि झाली नसतील तर तुमचं. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. बाकी मला सडकून सर्दी झाली आहे, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि येत्या शनिवारी नौकाशर्यतीच्या समितीपुढे मला हजर राहायचं आहे. माझ्याकडून माझी होडी काढून घ्यावी, असा ठराव त्यांनी मांडला आहे. कुठली होडी ते तुम्हाला सांगायला नको. तुमची धाकटी बहीण सत्तावीस वर्षं दर शर्यतीला तिच्यात माझ्या मागे बसली.

तुम्हाला पत्र लिहावं की नाही, याचा आठ दिवस विचार केला. मागचं पत्र तुम्ही लाल पेनने तपासून परत पाठवलंत. (एकोणीस चुका. शाळा सुटून सोळा वर्षं झाली तरी बाईंचं पेन सुटलं नाही. मी ते जपून ठेवलंय, कारण अकरा महिन्यांत तुमच्याकडून आलेलं तेवढंच.) त्याआधी तुम्ही जे बोललात ते आमच्या दारात उभं राहून, चप्पल घालता घालता. तुम्ही मला म्हणालात, "तुम्ही तिला दर वर्षी दिवसभर नदीवरच्या वाऱ्यात बसवलंत, त्या वाऱ्याने तिची छाती गेली." तिच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, ते म्हणाले तसं काही नसतं, वर्षातून एका दिवसाच्या वाऱ्याने कोणी जात नाही. पण ते तिला चार आठवडे ओळखत होते आणि तुम्ही तिच्या जन्मापासून, त्यामुळे कोणाचं खरं धरावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असो. झालं काय ते सांगतो. आमचं काम तुम्ही कधी पाहिलं नाहीत, म्हणून मुळापासून सांगायला हवं. शर्यतीच्या दिवशी नदीवर शंभरेक होड्या उतरतात, दोन्ही पुलांवर मुंगीला शिरायला जागा नसते, बँडवाले सकाळपासून फुंकत असतात. पण शर्यत सुरू कशी होते हे कोणी बघत नाही, सगळे शेवट बघायला गेलेले. सुरुवातीच्या रेषेवर सहा सपाट होड्या नांगर टाकून एका ओळीत उभ्या केलेल्या असतात. प्रत्येकीत एक माणूस पालथा पडलेला, मुंडकं आणि हात पाण्यावर बाहेर. शर्यतीची लांबलचक होडी मागे मागे येते, तिची शेपूट या पालथ्या माणसाने दोन्ही हातांनी धरायची. नाही धरली तर प्रवाह तिला घेऊन जातो आणि सहा होड्या काही केल्या एका रेषेत येत नाहीत. मग बंदुकीचा बार होतो आणि आपण शेपूट सोडायची. झालं, एवढंच काम. धरायचं आणि सोडायचं. लोक म्हणतात, त्यात काय मोठंसं! त्यांनी एकदा तीन तास पालथं पडून बघावं, जेवलेलं कुठे जातं ते कळेल.

आता यात एक गोम आहे. बार काढणारे गृहस्थ असतात आपल्या पाठीमागे, लाकडी मचाणावर. बार काढताना ते पाडतात तो झेंडा पालथ्या माणसाला दिसत नाही, कानावरच सगळी भिस्त. आणि माझे कान तर तुम्हाला माहीतच आहेत. एकतीस वर्षं छापखान्यात यंत्रावर उभा होतो, त्या यंत्राने माझी ऐकायची शक्ती पाव पाव करत खाल्ली. गेली अकरा वर्षं मला बार ऐकू आलेला नाही. (हे समितीला माहीत नव्हतं. आता आहे.) तरीही माझी होडी कधी क्षणभर उशिरा सुटली नाही. समितीने दोनदा मानपत्र दिलं, 'अचूक सुटकेबद्दल', ते बाहेरच्या खोलीत चौकटीत लावलेलं तुम्ही पाहिलंय आणि नाक मुरडलंय. खरं म्हणजे ते धाकटीच्या दोन बोटांना द्यायला हवं होतं. पालथा माणूस नदीत पडू नये म्हणून त्याचे घोटे धरून मागे एकजण बसतो, तसे माझे घोटे धरून ती बसायची. बार झाला की डाव्या घोट्यावर असा सणसणीत चिमटा काढायची की हात आपोआप सुटायचे. दिवसाला बावीस शर्यती, म्हणजे बावीस चिमटे. डाव्या घोट्यावर माझ्या कायमचा काळानिळा डाग पडला होता. हल्ली तो फिका पडत चाललाय ताई. मी रोज आंघोळीनंतर बघतो.

तिथे बसून ती अखंड बोलत असायची. एरवी तिचा दिवस ग्रंथालयात लोकांना 'शू' करण्यात जायचा, त्यामुळे साठलेलं सगळं ती माझ्या पाठीवर रिकामं करायची. मी आपला मान हलवायचो. पालथा माणूस मान हलवतो तेव्हा तो हो म्हणतोय की पाण्यात बघतोय हे कळत नाही, ही फार मोठी सोय होती. ती मला नऊ वर्षं सांगत होती, कानाचं यंत्र घ्या. मी म्हणायचो, काय ऐकायचं राहिलंय आता? शेवटी मी यंत्र घेतलं, ती गेल्यावर दहा महिन्यांनी. शहाणपणा म्हणतात तो हा. सत्तावीस वर्षं माझ्या मागे बसून ती काय काय बोलली, त्यातलं मला निम्मंही ठाऊक नाही.

तर या वर्षी समितीने पत्र पाठवलं की तुमच्या मागे कोण बसणार ते कळवा. मी कळवलं, व्यवस्था झाली आहे. व्यवस्था म्हणजे तिचा लाल मफलर. (तुम्ही विणलेला, उंटाला पुरेल एवढा लांब.) मी तो घोट्यांना गुंडाळला, तळाच्या कडीला बांधला आणि पालथा पडलो. शेजारच्या होडीतला सुतार विचारत होता, एकटेच? मी मान हलवली. पहिल्या दोन शर्यती निभावल्या. सुताराचे हात सुटलेले डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले की मी सोडायचो. अंमळ उशीर व्हायचा, पण शंका कोणाला आली नाही. तिसऱ्या शर्यतीला माझ्या वाट्याला आली इस्पितळाची होडी. त्यात आठ डॉक्टर, शेपटीशी सुकाणू धरून एक इवलीशी परिचारिका, आणि तिच्या समोर पहिल्या वल्ह्यावर कोण, तर माझे कानाचे डॉक्टर! वल्हवणारे उलटे बसतात हे लक्षात घ्या, म्हणजे आठही तोंडं माझ्याकडे. मी ओळखीचं हसलो. तेही हसले.

बार झाला. मला काही ऐकू आलं नाही. (यंत्र घरी कपाटात होतं. पाण्याजवळ कशाला न्यायचं म्हणून.) सुताराकडे बघायला हवं होतं, पण मी डॉक्टरांकडे बघून हसत होतो. आठ वल्ही एकदम पाण्यात शिरली आणि होडी जागची हलेना. डॉक्टर ओरडले. बाकीचे सात ओरडले. परिचारिका तर मागे वळून अशी काही ओरडली की तिच्या पडजिभेपर्यंतचं मला दिसलं. मी सगळ्यांना मानेने नमस्कार केला. दुसऱ्यांदा वल्ही पडली तसा तुमचा मफलर ताणायला लागला. तुमच्या विणकामाबद्दल मला नितांत आदर आहे, पण तो एखाद्या वचनासारखा लांबतच गेला आणि मी होडीवरून हळूहळू पुढे, पुढे, आणि धप्प. पाण्यातही मी शेपूट सोडली नव्हती म्हणे. वीस-पंचवीस हात इस्पितळाने मला ओढत नेलं. बँडवाल्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे, त्यांनी ढोल वाजवला. शेवटी बचावाच्या होडीने कॉलरला आकडी अडकवून मला वर काढलं, एखादा कोट खुंटीला लावावा तसं.

बाकीच्या पाच होड्यांना अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं. शर्यत परत झाली, पाऊण तास उशिरा, तोवर बक्षीस देणाऱ्या पाहुण्या निघून गेल्या. दुसऱ्या वेळी मी किनाऱ्यावर चादर गुंडाळून बसलो होतो आणि इस्पितळाची होडी कोणीही धरलेली नसताना शेवटून पहिली आली, तेव्हा माझा दोष नेमका किती हे तुम्हीच ठरवा. आमच्या सचिवांनी (गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून त्यांना आम्ही शिट्टीच म्हणतो) मला सगळ्यांसमोर विचारलं की आजोबा, तुम्हाला बार ऐकू आला की नाही? आजोबा! हा माणूस माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी काही बोलायच्या आत कानाचे डॉक्टर मध्ये पडले. म्हणाले, "यांना ऐकूच आलं नसणार, मी यांचे कान तपासलेत." दोनदा वल्हवून घामाघूम झाले होते बिचारे, पण माझी बाजू घेतली.

आता शिट्टीचं म्हणणं असं की पुढच्या वर्षीपासून मला किनाऱ्यावर खुर्ची द्यावी, छत्रीसकट. चहा जागेवर येईल. मला खुर्ची नको आहे ताई. शनिवारी त्यांना काय सांगू ते सुचत नाही, पण तुम्हाला सांगतो. घरात सगळीकडे ती नाही हेच दिसतं. खुर्चीत नाही, ओट्याशी नाही, दिवा लावायला उठलो तरी नाही. होडीत पालथं पडलं की मागे वळून बघता येत नाही. आणि मागे बघता येत नाही तोवर ती मागे बसलेली असते. वर्षातून एकच दिवस असा मिळतो, तोही हे लोक छत्रीच्या बदल्यात काढून घ्यायला निघालेत. मला तिची फार आठवण येते. तुम्हालाही येत असणार. आपण दोघांनी एकमेकांशी अबोला धरून ती काही कमी झालेली नाही.

गुडघ्याला जपा. मांजरीला माझ्याकडून एक टपली. चुका पुष्कळ असतील, पत्र तपासून परत पाठवलंत तरी चालेल, पण पाठवा.

तुमच्या धाकटीचा,
नवरा

ता. क. मफलर दोरीवर वाळतोय. आधी उंटाला पुरेल एवढा होता, आता दोन उंटांना पुरेल. धुऊन आटतो का ते कळवा.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. शिट्टी म्हणतो की मागे बसायला माणूस आणलात तर ठराव मागे घेतो. सुताराची बायको तयार आहे, पण ती चिमटा काढायला लाजते. धाकटी मला नेहमी सांगायची की चिमटा ती तुमच्याकडून शिकली, लहानपणी तुम्ही तिला पलंगाखाली गाठून काढायचात तो, नख न लावता, पिळून. तो हात आता जगात तुमच्याकडेच आहे. पुढच्या वर्षी याल का? बसायला जाड गादी ठेवीन, दोन घोंगड्या आणीन, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधीन. तिच्यासाठी कधी बांधली नाही. बांधायला हवी होती.

ता. क. तिसरा. हे शनिवारच्या आत कोणाला बोलू नका. यंत्र कपाटात नव्हतं. पहिल्या दोन शर्यती खिशात होतं, तिसरीच्या आधी कानात घातलं, म्हणून तर आता ते नदीच्या तळाशी आहे. डॉक्टरांनी ते माझ्या कानात दोन हातांवरून पाहिलं होतं आणि तरी तसं बोलले. बार मला स्वच्छ ऐकू आला, ताई. अकरा वर्षांत पहिल्यांदा, इतका मोठा की मी दचकलो. सोडायचं हे कळत होतं. पण चिमटा आला नव्हता, म्हणून मी थांबलो.