कळलावीचा लेप

नेरडीगोंडा,
भाद्रपद वद्य चतुर्थी, फसली १३४२

प्रिय सरू,

तुझा निरोप पोचला. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी माझं ऐकून घे. तीन वर्षं कोणी ऐकलं नाही.

आमच्या वांग्याच्या वाडीच्या कुंपणावर कळलावी फुलून राह्यली आहे, बुडाशी पिवळी, टोकाला लालभडक. तुझं लग्न व्हायच्या आधी याच कुंपणाशी बसून तू मला काडीनं मातीत अक्षरं शिकवलीस, आणि मी तुला माझ्या आईचा झाडपाला दाखवला. आमच्यात औषध बाहेर सांगत नाहीत, सांगितलं की गुण जातो म्हणतात. तरी तुला सांगितलं. अडलेल्या बाईच्या तळपायांना कळलावीच्या कंदाचा लेप द्यायचा, पोटात कणही जाऊ द्यायचा नाही, विष आहे ते. आणि मूल बाहेर आलं की त्याच घडीला गरम पाण्यानं पाय धुवायचे, मुलाचं तोंड बघायच्याही आधी, नाहीतर रक्त थांबत नाही. हे तू मला तीनदा म्हणून दाखवलं होतंस.

तुझी लेक पद्मिनी पहिल्या खेपेला दोन दिवस अडली, तेव्हा आदिलाबादेहून बैलांची दमणी तूच पाठवलीस. मी लेप लावला. दिवस कलताना पोरगा झाला. माझे दोन्ही हात नाळेत गुंतलेले, पाण्याचा तांब्या तुझ्या हातात. सरू, पाय धू, असं मी म्हटलं, तू हो म्हणालीस. नातू झाला हे कळलं मात्र, तांब्या उंबऱ्यावर ठेवून तू साखर वाटायला गेलीस. मला वाटलं, धुतले. तळपाय पाहिले तेव्हा लेप वाळून खडखडीत झाला होता आणि रक्त थांबत नव्हतं. महिनाभर पोरगी खाटेवर होती. वाचली, हे तिचं नशीब.

मग तुझ्या यजमानांनी, अनंतराव भावजींनी, ठाण्यात अर्जी दिली. कचेरीतला माणूस, त्यांचा शब्द कोण मोडतो. मला ठाण्याच्या अमीनसाहेबापुढे उभं केलं आणि पडद्याआडून तू सांगितलंस, गयाबाईनं काय चोळलं ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक नव्हतं म्हणे. मी तिथंच तोंड उघडलं असतं, पण आपल्या आईच्या हातून हे झालं हे त्या खाटेवरल्या पोरीला काऊन कळावं, असं वाटलं. मी गप्प राह्यले, आणि माझं गप्प राहणं तुम्ही कबुली धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ती अशी.

तेव्हापासून एकाही बाळंतपणाला मला बोलावणं नाही. पोराच्या खोकल्याला रिंगणीची फुलं मागायला येणारी सोजरबाईसुद्धा आता मला पाहून बांध बदलते. आईनं दिलेला हातगुण घेऊन मी वांगी खुडत बसते. मला राग आहे सरू, तुझ्याइतका दुसऱ्या कोणाचाच नाही.

आणि आता तुझा माणूस सांगून गेला की पद्मिनीला नववा लागला, ती माझंच नाव घेऊन राह्यली, तर गयाबाईनं अंधार पडल्यावर मागच्या दारानं यावं. ठाण्यातल्या बोलण्यापेक्षा हे मागचं दार जास्त लागलं. मी येईन, पद्मिनीसाठी. पण दिवसाढवळ्या, बाजारातून, पुढच्या दारानं. गरज पडली तर कंद माझ्या पदराला बांधलेला असेल. तू आळीतल्या चार बाया बोलावून ठेव आणि त्यांच्यासमोर सांग, मागच्या खेपेला तांब्या कोणाच्या हातात होता. नाही सांगितलंस तरी अडलेल्या पोरीला सोडून मी उठणार नाही, एवढं तू मला ओळखतेस. तांब्या मात्र या खेपेला तुझ्या हातात देणार नाही.

एके काळची तुझीच,
गया